तीन तासांची बैठक

६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर म्हणाला, उजवा हात कधी हलतो, किती वेळ हलतो, ते रोज वहीत लिहून ठेवा. लिहायला हात लागतो हे त्याच्या डोक्यात आलं नाही आणि अक्षरं लागतात हे मी त्याला सांगितलं नाही. म्हणून मी बोलतेय आणि नात लिहितेय. ती विद्यापीठात दगडांचं शास्त्र शिकते, शिक्षणासाठी माझ्याकडे राहते. मी तिला दगडूबाई म्हणते. हे लिहिणार नाही म्हणतेय. लिही गं.

तर डॉक्टर, हात हलतो. झालं तुमचं.

आता माझं. चित्रकला विभागात मी एकोणीस वर्षं बसते. म्हणजे नोकरीच बसण्याची. खोलीच्या मधोमध लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची, खुर्चीत मी, आणि भोवती बावीस पोरंपोरी माझ्याकडे बघून कागद काळे करतात. लोक पायाला भिंगरी लावून पोट भरतात, मी बूड टेकून भरते. एकाने माझं नाक एवढं मोठं काढलं होतं की मी विचारलं, बाबा रे, मी शिंकले तर तुझा कागद टिकेल का. पण हे सुटीत विचारलं. बैठकीत असताना मी शिंकत नाही.

उन्हाळ्यात नुसती करंगळी हलायची. मला वाटलं, म्हातारपणी एखाद्या बोटाला चाळा लागला असेल. आता मनगटापासून खाली सगळा हात हलतो. विभागात अजून कुणाला कळलेलं नाही.

आमच्या विभागप्रमुखांना मी बघूसाहेब म्हणते. खिडकी तुटली, बघू. पंखा बिघडला, बघू. आज त्यांनी बोलावलं. शरद कला सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, पंचवीस तारखेला, मोठ्या सभागृहात खुला चित्रवर्ग आहे. गावातलं कुणीही यावं, कागद घ्यावा, चित्र काढावं. बसायचं मी, तीन तास. मी विचारलं, आणि पुढच्या सत्राचं काय? म्हणाले, ही बैठक नीट पार पडू दे, मग बघू. बोलताना सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कामाचा माणूस, घाई असणार.

खुर्ची गेली तर मला मुलाकडे जावं लागेल. तो दोन वर्षं मागे लागलाय, आई, आता बस झालं, इकडे येऊन निवांत बस. म्हणजे तिथेही बसायचंच. फरक एवढाच की इथे मी बसले की बावीस जण बघतात. तिथे नजर माझ्यावरून सरळ टीव्हीवर जाते.

दगडूबाई म्हणते, हे डॉक्टरला दाखवायचं का? मी म्हटलं, त्याच्यासाठी दुसरी वही कर. त्यात रोज लिही, आज हात हलला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

हातावर बसून पाहिलं. एक तास बरा गेला. मग हात मेला आणि उठल्यावर अशा मुंग्या आल्या की तोंडातून निघालेला शब्द दगडूबाई लिहायला तयार नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई चांगल्या आहेत. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मुलांना दटावतात तेव्हा माझ्याहून म्हाताऱ्या वाटतात. आज त्यांनी स्वतःहून माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि उजवीकडून चांगली खाली ओढली. म्हणाल्या, गारठा पडायला लागलाय. खिडक्या बंद होत्या. बाईंना थंडी फार वाजते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज खूश आहे, लिहून ठेव.

सगळ्या आवारात माझं चित्र लावलंय. ग्रंथालयाच्या भिंतीवर, नाट्यगृहाच्या फाटकाशी, सायकली लावतात तिथे. हाताएवढा कागद, वर मी खुर्चीत बसलेली, खाली चार ओळी, आणि सगळ्यात खाली कागदाला उभे काप देऊन छानशी झालर केलेली. झालरीच्या प्रत्येक पट्टीवर बारीक काहीतरी लिहिलंय. सप्ताहासाठी काय काय नटवतात ही मुलं. कुठे कुठे दोन-चार पट्ट्या तुटल्या होत्या. वाऱ्याने असेल.

मला राहवलं नाही. एक घेतला. मग वाटलं, एक मुलाला दाखवायला. मग एक नाट्यगृहाच्या माळीणबाईला. असे करत अकरा कागद पिशवीत आले. एकोणीस वर्षांत इतक्या भिंतींवर कुणी लावलं नव्हतं मला.

घरी दगडूबाईला म्हटलं, वाच. तिने वाचलं आणि मग पाणी प्यायला उठली. आल्यावर म्हणाली, आमंत्रण आहे, आजी. शरद सप्ताहाला सगळ्यांनी यावं म्हणून. मी म्हटलं, चार ओळींत एवढंच? म्हणाली, विद्यापीठाची भाषा लांब असते.

हे लिहितानाही तिचं पेन दोनदा अडलं. परीक्षा जवळ आली असेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चहा सोडला. कुणीतरी म्हणालं, चहाने हात हलतो. आता हात हलतो आणि डोकंही दुखतं.

शाल आता पुरत नाही. थरथर खांद्यापर्यंत जाते, मग शालही हलते, जसं काही आत मांजर धरून ठेवलंय. दगडूबाईने तिच्या विभागातून मुठीत मावेल असा काळा दगड आणलाय. वजनाने हात दबून राहतो. म्हणाली, हा सहा कोटी वर्षांचा आहे. मी म्हटलं, मग याला बसायची सवय असेल.

घरी दीड तास जमलं. दगड आणि मी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मुलाचा फोन. डॉक्टरने त्याला कळवलंय. डॉक्टरच्या पोटात गोष्ट राहत नाही, इतरांच्या पोटांचं काय बघणार हा. मुलगा म्हणाला, दोन नोव्हेंबरच्या रविवारी गाडी घेऊन येतो. मी म्हटलं, पंचवीस तारखेला माझी मोठी बैठक आहे, ती पार पडली की खुर्ची माझीच. तो म्हणाला, आई, आता कुणासाठी बसतेस? बाबा जाऊनही वीस वर्षं होतील.

त्याला काय सांगू. त्याचे बाबा गेल्यावर वर्षभर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. बघायचे, पण बिचारी म्हणून बघायचे, तोंडाकडे नाही. मग या खोलीत आले आणि एका पोरीने नुसता माझा कान काढायला दीड तास घेतला. कान! माझ्या आईनेही तो इतका वेळ बघितला नसेल.

हे मी त्याला म्हटलं नाही. म्हटलं, जेवलास का.

२० ऑक्टोबर, सोमवार

सप्ताह सुरू झाला. आवारात पायऱ्यापायऱ्यांवर काही ना काही चालू आहे. झाडांची पानं गळतात, खाली पोरं नाटकं करतात, पानांत पडून मरण्याची तालीम करतात.

मी सरावाला जाते. गर्दीत बसून हात दाबायची सवय हवी. सकाळी ताऱ्यांवरचं व्याख्यान ऐकलं, पहिल्या रांगेत, मुठीत दगड. दोन तास पापणीही हलवली नाही. ताऱ्यांबद्दल मला एवढंच कळलं की तेही लांबून स्थिर दिसतात. शेवटी व्याख्याते सगळ्यांसमोर म्हणाले, इतक्या एकाग्रतेने ऐकणारा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि मला नमस्कार केला. मीही केला, डाव्या हाताने. दगडूबाई हसू दाबताना लाल झाली.

दुपारी समूहगायन होतं. तिथे एक शोध लागला. गाण्याला हात हलला तर लोकांना वाटतं म्हातारी ताल धरतेय. पाऊण तास हाताला मोकळा सोडला. शेजारची बाई म्हणाली, तुम्हाला गाण्यातलं फार कळतं वाटतं.

पण शनिवारी गाणं नाही. शनिवारी नुसती शांतता आहे, कोळशाची कागदावरची खरखर आणि मी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज चित्रांचं प्रदर्शन उघडलं. चारी भिंतींवर मीच मी. कुठे विचारात पडलेली, कुठे चिडलेली, एका ठिकाणी तर मेलेली वाटते.

पण पोरं आळशी झाली आहेत. बावीस चित्रं आणि एकानेही धड उजवा हात काढलेला नाही. कुणी शालीखाली घातलाय, कुणी खुर्चीमागे, कुणाचा कागद नेमका कोपराशी संपतो. हात काढणं अवघड असतं हे मला ठाऊक आहे, बाई रोज सांगतात. पण म्हणून बावीस जणांनी टाळायचा? मी बाईंना तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, चूक माझी आहे, आजी.

एकवीस म्हणायला हवं. वर्गात एक मुलगी आहे, तिला मी बटाटेवाली म्हणते, कारण तिच्या हातून माझं डोकं कायम बटाट्यासारखं होतं. तिनेच हात काढलाय, मांडीवर, उघडा. पण एकावर एक इतक्या रेघा मारल्यात की मला अकरा-बारा बोटं झालीत. मी हसले. म्हटलं, बाई गं, मोजून तरी काढायची.

ती हसली नाही. दगडूबाईही हसली नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

लिही. हात थांबवू नकोस, आज जे सांगते ते जसंच्या तसं लिही.

सगळे प्रदर्शनात होते म्हणून मी चित्रवर्गाच्या रिकाम्या खोलीत सरावाला बसले होते. तिथे किल्लीवाले आले. ग्रंथालयाच्या दारावर तीस वर्षं होते, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, म्हणून सगळे त्यांना किल्लीवालेच म्हणतात. वसंतात निवृत्त झाले. हातात कागदाची एक पट्टी होती. झालरीतली.

म्हणाले, "मावशी, इथे बसायला माणूस हवाय म्हणे. कुणाला भेटू?"

मी विचारलं, कोण म्हणालं? म्हणाले, जागोजागी कागद लावलेत, निदान लावले होते. आता कँटीनच्या दाराशी एकच उरलाय. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पाठ म्हणून दाखवलं, की चित्रकला विभागाला पुढच्या सत्रापासून बैठकीसाठी व्यक्ती हवी आहे, वयाची अट नाही, तीन तास स्थिर बसता यायला हवं, खालच्या पट्टीवरच्या क्रमांकावर विचारणा करावी.

वर माझं चित्र. माझंच चित्र लावून माझ्या जागी माणूस शोधत होते. आणि मी ते कागद हौसेने गोळा करून घरी आणले.

ते सांगत होते की घरी दिवसभर ते दाराशीच उभे राहतात, सवयीने. कुणी आलं-गेलं की बायकोला सांगतात, जणू तिला दिसत नाही. ती म्हणते, एक तर बसा नाहीतर बाहेर जा. तेव्हा बसायचंच काम आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, विचारून पाहू.

मी म्हटलं, "जागा भरली, किल्लीवाले. कालच."

त्यांनी पट्टीची नीट घडी केली, खिशात ठेवली. बरं झालं, म्हणाले, कुणाचं तरी काम झालं. आणि गेले. जाताना खोलीचं दार ओढून घेतलं, हलक्या हाताने, आवाज होऊ न देता.

घरी येऊन मी अकरा कागद हिच्यापुढे टाकले. म्हटलं, आता वाच. हिने वाचलं. तीच चार वाक्यं. आता लिही की तू त्या दिवशी खोटं वाचलंस.

लिहिलं तिने. मग म्हणाली, "आजी, मला वाटलं शनिवारची बैठक नीट झाली की हा कागदच खोटा ठरेल. मग मी खोटं वाचलं असं होणार नाही."

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि किल्लीवाल्यांची घडी केलेली पट्टी आठवली. एकाच घरात दोघी. एक खोटं वाचते, एक खोटं बोलते. निदान आमच्यातली एक शिकलेली आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काही नाही. दिवसभर हात.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल बोलायचं त्राण नव्हतं.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. गावातले म्हातारे, आयांबरोबर आलेली पोरं, आमचा वर्ग, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बघूसाहेब, हातात कागद नाही. चौथऱ्यावर बाईंनी माझ्या पावलांभोवती खडूने आखून घेतलं. अर्ध्या तासाने पाच मिनिटं सुटी मिळते, परत आलं की पाय त्याच रेघांत ठेवायचे. मुठीत दगड, मूठ मांडीवर. शाल मी घेतली नाही. म्हटलं, एवढी माणसं आली आहेत, नीट दिसू दे.

पहिला तास उत्तम गेला. असा गेला की मला वाटलं, डॉक्टर गाढव आहे. दुसऱ्या तासाला सगळं अंग एका मुठीत गोळा केलं. घाम पाठीवरून उतरताना मोजत होते. मनात एकच, की दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं, मग सुटी. देवाकडे मी फारसं काही मागत नाही, त्याला लिहिता-वाचता येतं, उगाच नोंद करून ठेवेल. काल मागितलं.

तेवढ्यात दगड पडला.

लाकडी चौथरा पोकळ असतो. एवढासा दगड, पण सभागृहभर आवाज झाला, आणि घरंगळत खाली गेला. सहा कोटी वर्षांत पहिल्यांदा घाई केली मेल्याने. साठ-सत्तर माणसांचे कोळसे एकदम थांबले. वजन गेल्यावर हात असा सुटला की मांडीवर मासा तडफडावा. मी डाव्या हाताने त्याला धरलं. तर डावाही त्याच्याबरोबर हलायला लागला.

मग बाईंचा आवाज आला, वर्गात बोलतात तसाच.

"आजी, सोडा त्याला. हलू दे. मी बघतेय."

मी सोडला. काय करणार होते? थोड्या वेळाने एक कोळसा खरखरला, मग दुसरा, मग सगळे. उरलेला सव्वा तास मी पूर्ण केला. बाकी सगळी मी दगडासारखी आणि तो हात तेवढा जिवंत. मान वर होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही, पुसणं म्हणजे हलणं.

संपल्यावर मान वळवली तर बघूसाहेबांची खुर्ची रिकामी होती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

बघूसाहेबांनी बोलावलं. फार चांगलं बोलले. एकोणीस वर्षं, विभागाचा आधारस्तंभ, वगैरे. मग म्हणाले की विद्यार्थ्यांना सरावाला स्थिर आकृती लागते, ते माझ्याही तब्येतीच्या दृष्टीने विचार करत आहेत, पुढच्या सत्रापासून दुसरी व्यवस्था करावी लागेल.

मी म्हटलं, साहेब, आज बघू नाही म्हणालात?

आज पहिल्यांदा त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि त्यांनाच ते सोसलं नाही.

बाहेर बाई उभ्या होत्या. त्या भांडल्या होत्या म्हणे, शुक्रवारीही, आजही. माझा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. त्यांचेही हात हलायला लागले, माझ्यामुळे. मी म्हटलं, सोडा, बाई, तुम्हाला अजून चित्रं काढायची आहेत.

मुलाला फोन केला. ये म्हटलं रविवारी. दगडूबाईसाठी वसतिगृहात जागा विचारायला हवी. ती लिहिता लिहिता थांबलीय. लिही गं. कोरं पान ठेवलंस तर मला वाटेल काहीतरी लपवलंस.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कपाट आवरलं. मुलाकडे काय काय न्यायचं ते ठरत नाही. बसायला काही लागत नाही.

दिवसभर वाटत होतं, मरू दे, जाऊ दे ती खुर्ची, कुणी का बसेना. कुणीच न मिळो. खुर्ची रिकामी राहो, पोरांनी रिकामी खुर्ची काढत बसावं. असं सारखं मनात येत होतं. तेही लिही, माझं मन काही फार मोठं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

किल्लीवाले मागच्या फाटकासमोर राहतात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. जिना चढताना मी दोनदा थांबले. दार वाजवायच्या आत उघडलं. ते दाराशीच होते.

मी आत न जाता सांगून टाकलं. जागा भरली नव्हती. मी खोटं बोलले, कारण ती जागा माझी होती. आता नाही. तुम्ही बाईंना जाऊन भेटा, मी तुमच्याबद्दल बोलले आहे.

वाटलं होतं चिडतील. त्यांची बायको आतून म्हणाली, आधी आत तर घ्या त्यांना. चहा झाला, मी घेतला, आता चहा सोडून काय मिळवायचंय. मग ते म्हणाले, तीन तास बसायचं कसं, मावशी? मला उभं राहणं येतं.

म्हणून शिकवलं. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली. दोन्ही पावलं पूर्ण टेकवा. नजर एका जागी टेकवा, रोखू नका, माणूस भिंतीला टेकतो तशी. खाज सुटली तर ती शेजाऱ्याची आहे असं समजा. वेळेचा विचार करू नका, दर श्वास शेवटचा समजा, म्हणजे बरा जातो. ते बसले. मी मागे सरकून उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघायला लागले.

एकोणीस वर्षांत मी कधी या बाजूला उभी राहिले नव्हते. बसलेल्या माणसाकडे इतका वेळ बघितलंच नव्हतं.

पहिला मिनिटभर ते नुसते किल्लीवाले होते. मग सदऱ्याची उलटून शिवलेली कॉलर दिसली. हनुवटीखाली दाढीचा राहिलेला एक पट्टा दिसला. म्हणजे आरशात नीट दिसत नाही आणि कुणाला सांगितलेलं नाही. डावा हात हळूच कमरेकडे गेला, जिथे जुडगा असायचा, तिथे काही नव्हतं, परत मांडीवर आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साठी उलटल्यावर काम मागावं लागतंय त्याची लाज होती ती. आत भांडी वाजली की खांदा आखडायचा. या माणसाला घरात भीती वाटत होती, बायकोची नव्हे, आपली अडचण होतेय याची. तोंडाने त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. नुसते बसले होते. पाच मिनिटं.

मी खिडकीची चौकट धरली. पाच मिनिटांत एवढं. आणि तिथे बावीस जण होते, कागद घेऊन, रोज, उन्हाळ्यापासून.

ते ओठ न हलवता म्हणाले, "जमतंय का, मावशी? वेडंवाकडं काही दिसत नाही ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "काही दिसत नाही."